गौरीचा पितळी मुखवटा किती जुना? धातूच्या छोट्या मूर्तीचं वय काढताना

धातूंवर पीएच.डी. करते असं कळलं की गावाकडे एक प्रश्न हमखास येतो. कुणीतरी देवघरातली नाहीतर माळ्यावरच्या ट्रंकेतली पितळी वस्तू फडक्यात गुंडाळून आणतं आणि विचारतं, "ही किती वर्षांची असेल गं? मशीनवर कळतं ना?" आमच्या मुरगूडच्या बाजूला ही वस्तू बऱ्याचदा गौरीचा मुखवटा असते. वीतभर उंचीचं डोकं आणि गळा, आतून पोकळ, कपाळावर कुंकवाची जागा, नाकाला आणि कानाला भोकं.

मशीनवर कळत नाही. पण "कळत नाही" म्हणून विषय सोडून द्यायचा नसतो, कारण याच प्रश्नात संशोधनाची एक चांगली तालीम लपलेली आहे. एम.एस्सी.चा प्रकल्प करणाऱ्या किंवा पेटच्या मुलाखतीला बसणाऱ्या कुणालाही ती उपयोगी पडेल, विषय पुरातत्त्व असो की पॉलिमर.

आधी मुळातली अडचण बघा. पितळ म्हणजे तांबं आणि जस्त. त्या अणूंना तुमच्या मूर्तीशी काही देणंघेणं नाही. ते कोट्यवधी वर्षं खडकात पडून होते. खनिजातून धातू काढला ही एक घटना. तो ओतून मूर्ती केली ही दुसरी. मूर्ती घरात आली ही तिसरी. कुणीतरी नाव कोरलं, कुणीतरी तुटलेला कान जोडून घेतला, कुणीतरी पुरून ठेवली, या आणखी वेगळ्या. "किती जुनी" या प्रश्नाला उत्तरच नाही, जोपर्यंत यातल्या कुठल्या घटनेचं वय विचारताय ते तुम्ही ठरवत नाही. प्रत्येक चाचणी यातल्या एखाद्याच घटनेबद्दल बोलते. विद्यार्थी चुकतात ते इथेच: चाचणी एका घटनेची करतात आणि निष्कर्ष दुसऱ्या घटनेचा लिहितात.

याचं उत्तम उदाहरण मुरगूडपासून फार लांब नाही. कोल्हापुरात पंचगंगेच्या काठावर ब्रह्मपुरीची टेकडी आहे. १९४०च्या दशकाच्या मध्यात तिथे राजाराम कॉलेजचे प्रा. के. जी. कुंदनगार यांना धातूच्या वस्तूंचा एक साठा मिळाला. मग १९४५-४६ मध्ये डेक्कन कॉलेजच्या वतीने ह. धी. सांकळिया आणि मो. गं. दीक्षित यांनी तिथे रीतसर उत्खनन केलं आणि त्याचा अहवाल १९५२ मध्ये छापला. त्या साठ्यातली सगळ्यात गाजलेली वस्तू म्हणजे ग्रीकांच्या समुद्रदेवतेची, पोसायडनची, कांस्याची छोटी मूर्ती. वीतभरही नाही. आज ती कोल्हापूरच्या टाउन हॉल संग्रहालयात आहे. तुम्ही कोल्हापुरात शिकत असाल आणि अजून ती पाहिली नसेल, तर भवानी मंडपात भेळ खायला जाता तेवढ्याच सहजपणे एकदा जाऊन या.

आता या मूर्तीचं वय सांगा बरं.

मूर्तीची ठेवण ज्या नमुन्यावर बेतली आहे तो नमुना ग्रीक शिल्पकलेतला, इसवी सनापूर्वी चौथ्या शतकातला, लायसिपस या शिल्पकाराच्या परंपरेतला मानतात. पण ही मूर्ती तेव्हाची नाही. रोमन काळात जुन्या प्रसिद्ध पुतळ्यांच्या छोट्या प्रती भरपूर ओतल्या जात, त्यातली ही एक. तिचा काळ साधारण इसवी सनाच्या पहिल्या शतकाच्या आसपास धरतात. आणि ती ब्रह्मपुरीच्या मातीत गेली ती सातवाहनकालीन वस्तीत, म्हणजे कधीतरी त्यानंतर. किती नंतर? जहाजातून कोकणच्या बंदरात, तिथून घाट चढून कोल्हापुरात, मग कुणाच्या तरी घरात काही वर्षं किंवा काही पिढ्या. एकच मूर्ती, तीन काळ. शैली पहिल्याबद्दल बोलते, घडणावळ दुसऱ्याबद्दल, मातीचा थर तिसऱ्याबद्दल.

या साठ्यावर पुढेही बराच काथ्याकूट झाला. कार्ल खंडालावाला यांनी १९६० मध्ये त्यावर स्वतंत्र लेख लिहिला. १९९१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या रोम-भारत व्यापारावरच्या ग्रंथात रिचर्ड डी प्यूमा यांनी या कांस्यवस्तूंची रोमन साम्राज्यातल्या वस्तूंशी तुलना केली आणि बाहेरून आलेलं कुठलं, इथलं कुठलं, हे वेगळं करायचा प्रयत्न केला. एकाच साठ्यात हत्तीवर बसलेल्या माणसांची अस्सल इथली मूर्तीही आहे. म्हणजे "रोमन साठा" हे नावसुद्धा जरा सैलच. सोबत सापडलेल्या वस्तू सोबतच जन्मलेल्या असतात असं नाही. तुमच्या फ्रिजमधलं दूध आणि लोणचं एकाच तारखेचं असतं का?

याच्या अगदी उलट उदाहरण इटलीतलं आहे. पॉम्पेई शहरात १९३८ मध्ये एक हस्तिदंती भारतीय स्त्रीमूर्ती सापडली. तिच्यासारख्या मूर्ती आपल्याकडे तेर आणि भोकरदनला मिळाल्या आहेत, त्यामुळे ती महाराष्ट्रातून गेली असावी असा अनेक अभ्यासकांचा कल आहे. पण पॉम्पेई इ.स. ७९ मध्ये ज्वालामुखीच्या राखेखाली गाडलं गेलं. त्यामुळे त्या मूर्तीबद्दल एक गोष्ट काहीही झालं तरी पक्की: ती ७९ नंतरची असू शकत नाही. पोसायडनला असा पक्का खुंटा नाही. दोन्ही छोट्या मूर्ती, दोन्ही समुद्रापार गेलेल्या, पण एकीच्या वयाला वरून कुलूप आहे आणि दुसरीला नाही. हा फरक मूर्तीतला नाही, ती जिथे मिळाली त्या जागेतला आहे. म्हणून शेतात, विहिरीच्या खोदाईत काही मिळालं आणि ते उचलून घरी आणून घासूनपुसून ठेवलं, तर वस्तू राहते पण तिच्या वयाचा मोठा पुरावा त्याच क्षणी जातो.

आता पुन्हा गौरीकडे. समजा तुमच्यासमोर एक मुखवटा आहे आणि मातीचा थर वगैरे काही नाही. घरातूनच आला आहे. सुरुवात कुठून करायची?

माझं मत: खालून. चेहरा शेवटी बघा. चेहरा बघितला की मन लगेच "व्वा, पेशवाई!" म्हणायला लागतं. वस्तू उलटी करा आणि ती कशासाठी बनली होती ते तिच्या तळाला विचारा. गौरीचा मुखवटा तांब्यावर, मडक्यावर किंवा स्टँडवर बसवायचा असतो, म्हणून गळा खालून उघडा आणि कड थोडी बाहेर वळलेली. शिवलिंगावर बसवायचा मुखवटा असेल तर तो लिंगाच्या गोलाईला बसेल असा असतो. खंडोबाचा असेल तर मिशा, पागोटं. तळाला आटे असतील तर ते काठीची मूठ किंवा कशाचं तरी टोक असू शकतं. रोमन जगात तर असे अनेक छोटे अर्धपुतळे मुळात पुतळे नव्हतेच. पोटात शिसं भरून ते तराजूच्या दांडीवर वजन म्हणून लटकवत. "अर्धपुतळा" हे आपण त्याच्या रूपाला दिलेलं नाव आहे, त्याचं काम वेगळंच असू शकतं. कोल्हापूर भागात गौरी तेरड्याच्या डहाळ्यांची असते, मागून शंकरोबाही येतो, आणि कुठे मुखवटा लावतात, कुठे नाही. त्यामुळे घरात तो कसा मांडत होते हे आजींना विचारणं हीसुद्धा चाचणीच आहे. वहीत तसंच लिहा: कुणी सांगितलं, त्यांचं वय, त्यांनी स्वतः पाहिलं की ऐकलं.

दुसरी जागा म्हणजे आतली बाजू. हा मुद्दा मला फार आवडतो. दरवर्षी भाद्रपदात मुखवटा चिंचेने, राखेने, आता पितांबरीने लखलखीत घासला जातो. नाकाचं टोक, भुवया, ओठांच्या कडा पिढ्यान् पिढ्या झिजत जातात. पण आतून कुणी घासत नाही. आतली काळपट पुटं, ओतताना राहिलेला मातीचा अंश, खरबरीतपणा, दुरुस्तीची झाळ, हे सगळं तिथे शाबूत असतं. बाहेर झिजलेलं आणि आत शांत, जुनं, असं असेल तर तो वापर खरा. बाहेर झिजलेलं दिसतंय पण झीज अशा जागी आहे जिथे घासणाऱ्याचा हात जातच नाही, तर शंका घ्या. हिरवा कळंक मात्र पुरावा म्हणून धरू नका. मीठ आणि आम्ल यांनी तो काही दिवसांत आणता येतो, आणि बाजारात आणतातही.

मग घडण. ठोकून केलेला मुखवटा पत्र्याचा असतो, जाडी बरीच सारखी, मागून ठोक्यांच्या खुणा. ओतीव असेल तर जाडी कमीजास्त. मेणाच्या पद्धतीने ओतलेल्या वस्तूला सहसा सांध्याची रेघ नसते, कारण साचा फोडूनच वस्तू बाहेर काढतात. वाळूच्या दोन भागांच्या साच्यात ओतलं तर दोन्ही बाजूंना उभी रेघ येते, कानामागे बघा. पण इथे सावध. मेणाची पद्धत कल्याणीच्या चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याच्या बाराव्या शतकातल्या 'मानसोल्लास' ग्रंथात वर्णिली आहे आणि आजही ओतकाम करणारे ती वापरतात. म्हणजे "मेणाने ओतलंय" यावरून शतक ठरत नाही.

आणि रेघेवरून घाईने निकाल दिल्यावर काय होतं, त्याची जगप्रसिद्ध गोष्ट आहे. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्युझियमने १९२३ मध्ये कांस्याचा एक छोटा ग्रीक घोडा घेतला. इ.स.पूर्व पाचव्या शतकातला म्हणून पाठ्यपुस्तकांत तो झळकला. १९६७ मध्ये म्युझियममधल्याच एका जबाबदार अधिकाऱ्याने, जोसेफ नोबल यांनी, जाहीर केलं की घोड्याच्या अंगावरून जाणारी रेघ वाळूच्या साच्याची आहे, म्हणजे हा आधुनिक बनावट माल. पाच वर्षांनी, घोड्याच्या पोटातल्या मातीच्या गाभ्याची थर्मोल्युमिनेसन्स चाचणी झाली आणि तो प्राचीनच निघाला. गंमत पुढे आहे. आज म्युझियम त्याचा काळ इ.स.पूर्व दुसऱ्या शतकाचा शेवट ते पहिलं शतक असा देतं. म्हणजे "बनावट" म्हणणारे चुकले, आणि "पाचवं शतक" म्हणणारेही. अस्सल असणं आणि सांगितलेल्या वयाचं असणं हे दोन वेगळे प्रश्न आहेत.

ही थर्मोल्युमिनेसन्स चाचणी नेमकी काय मोजते? माती-वाळूतल्या क्वार्ट्‌झसारख्या स्फटिकांत आजूबाजूच्या किरणोत्सारामुळे हळूहळू ऊर्जा साठत जाते. तापवलं की ती प्रकाशाच्या रूपात बाहेर पडते आणि घड्याळ शून्यावर येतं. रसरशीत धातू साच्यात ओतला तेव्हा आतला गाभा तापला, शून्य झाला. आज तो पुन्हा तापवून निघणारा प्रकाश मोजला की ओतल्यापासूनचा काळ मिळतो. म्हणजे ही ओतण्याच्या घटनेची चाचणी आहे, म्हणून मोलाची. पण मध्ये कुणी मूर्ती भट्टीत घालून जोडली असेल तर घड्याळ तेव्हापासून सुरू होतं. वस्तू कुठल्या मातीत, कुठल्या घरात होती हे माहीत नसेल तर तिला बाहेरून मिळालेला किरणोत्सार अंदाजाने धरावा लागतो आणि वीस-पंचवीस टक्क्यांपर्यंतची अनिश्चितता सहज येते. दीडशे वर्षांच्या मुखवट्यासाठी ती तीस-चाळीस वर्षं झाली. दोन हजार वर्षांच्या घोड्याला "प्राचीन की आधुनिक" विचारणं सोपं. आपल्या गौरीला "आजीच्या काळातली की पणजीच्या" विचारणं अवघड. शिवाय गौरीच्या मुखवट्यातला गाभा बहुतेक वेळा खरवडून काढलेलाच असतो. केसांच्या वळ्यांत, कानाच्या आतल्या खाचेत चिमूटभर राहिला तर नशीब.

इथे प्रयोगाच्या क्रमाबद्दल एक गोष्ट ध्यानात ठेवा. आतली रचना बघायला मूर्तीचा एक्स-रे काढला तर त्या किरणांचीही नोंद गाभ्यातले स्फटिक घेतात. मग घड्याळ पुढे सरकतं. त्या घोड्याची गॅमा किरणांनी छायाचित्रं आधीच काढली होती, त्यामुळे नेहमीची रीत चालली नाही आणि गाभ्यातले झिरकॉनचे कण वेगळे काढून मोजावं लागलं. त्या कणांना स्वतःच्याच आतून इतका किरणोत्सार मिळत असतो की बाहेरून मिळालेला वाढीव डोस त्यापुढे किरकोळ ठरतो. प्रत्येकाला असं जमत नाही. तुमच्या सिनॉप्सिसमध्ये "खालील सर्व चाचण्या केल्या जातील" असं लिहिता ना, तिथे क्रम लिहा. कुठली चाचणी कुठल्या पुराव्याला बिघडवते ते आधी कागदावर मांडा.

सोप्यातली सोपी चाचणी मात्र स्वयंपाकघरात होते. घनता. मुखवटा हवेत तोला, मग दोऱ्याने पाण्यात लटकवून तोला. समजा हवेत ५१२ ग्रॅम आणि पाण्यात ४५१ ग्रॅम भरला. फरक ६१, भागाकार साधारण ८.४. पितळेची घनता ८.४ ते ८.७ च्या दरम्यान, कांस्य-तांबं ८.८-८.९ कडे. ६.७ च्या आसपास आली तर ते जस्ताचं मिश्रण, वर पितळी रंगाचा मुलामा. अशा वस्तू विसाव्या शतकात साच्यांतून धडाधड निघाल्या. हवेचे बुडबुडे अडकले तर उत्तर कमी येतं. आणि आत मातीचा गाभा शिल्लक असेल तर पाण्यात अजिबात बुडवू नका.

यानंतर एक्सआरएफ. बंदुकीसारखं यंत्र टेकवायचं, मिनिटभरात मूलद्रव्यांचे टक्के. त्यामुळे सगळ्यांना हेच आधी हवं असतं. पण ते पृष्ठभागाचा जेमतेम काही दशांश मिलीमीटरही नाही एवढाच थर बघतं, आणि पितळेच्या पृष्ठभागावरचं जस्त आम्लाने, म्हणजे आपल्या चिंचेनेच, कमी होत जातं. एका जागी टेकवून आलेला आकडा म्हणजे मुखवट्याचा आकडा नव्हे. चार-पाच जागी घ्या, त्यात आतली बाजूही घ्या.

आकडे आले की अर्थ लावताना जपून. जुन्या पद्धतीत तांबं आणि जस्ताचं खनिज कोळशासोबत तापवून पितळ करत, त्यात जस्त साधारण २८ टक्क्यांच्या वर जात नाही. त्याहून जास्त जस्त असेल तर शुद्ध जस्त धातू मिसळलेला असणार. युरोपात विल्यम चॅम्पियनने जस्त गाळण्याचं पेटंट १७३८ मध्ये घेतलं, म्हणून तिकडच्या वस्तूंना हा निकष छान लागतो. आपल्याकडे राजस्थानात झावरला त्याच्या कित्येक शतकं आधी जस्ताचं ऊर्ध्वपातन मोठ्या प्रमाणावर चालू होतं. म्हणजे युरोपच्या पुस्तकातला निकष उचलून कोल्हापूरच्या मुखवट्याला लावला तर उत्तर चुकणार. त्यातून तक्षशिलेला इ.स.पूर्व चौथ्या शतकातल्या थरात ३४ टक्के जस्ताचं भांडं मिळालेलं आहे, ते वेगळंच.

उलट कमी जस्त म्हणजे जुनं, असंही नाही. जस्त ९०७ अंशांना उकळतं. पितळ वितळवलं की पांढरा धूर होऊन थोडं जस्त उडून जातं. आपल्याकडे मूर्ती नव्या धातूची क्वचित. फुटके तांबे, घंगाळं, समया मोडीत घालायच्या आणि त्याच मोडीतून नवं ओतायचं. जितक्या वेळा मोड, तितकं जस्त कमी. मुखवट्यात तीन पिढ्यांची भांडी एकत्र वितळलेली असू शकतात. मग त्या मिश्रणाचं "वय" म्हणजे काय?

तरीही मिश्रणातून एका दिशेने ठाम बोलता येतं. तांबं विजेच्या साहाय्याने शुद्ध करणं एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात सुरू झालं, जस्ताचं तसं उत्पादन पहिल्या महायुद्धाच्या सुमारास. जुन्या धातूत शिसं, लोखंड, आर्सेनिक, अँटिमनी, चांदी यांचे अंश रेंगाळत असतात. हे सगळे जवळजवळ गायब असतील तर धातू आधुनिक शुद्धीकरणाचा. ॲल्युमिनियम ठळक दिसलं तर १८८६ नंतर ते स्वस्त झाल्यावरचा. "याच्या आधीचं नाही" एवढं म्हणता येतं. पण अंश सापडले म्हणून "जुनंच" असं म्हणता येत नाही, कारण मोड.

शिशाची आणखी एक चाचणी आहे, लेड-२१० ची. खनिजातून शिसं वेगळं काढलं की हा समस्थानिक त्याच्यासोबत येतो पण त्याला पुरवठा करणारं रेडियम मागे मळीत राहतं. मग सुमारे २२ वर्षांच्या अर्धआयुष्याने तो कमी होत शे-सव्वाशे वर्षांत संपतो. फान मीगेरनने फर्मीरच्या नावावर रंगवलेली खोटी चित्रं शिशाच्या पांढऱ्या रंगावरून १९६८ मध्ये याच मार्गाने निर्विवाद उघडी पडली. मुखवट्यातल्या शिशात लेड-२१० जास्त दिसला तर निदान काही शिसं नवं. नाही दिसला तर? शिसं जुनं आहे, एवढंच. ते कालच्या भट्टीत जुन्या भंगारातून आलेलं असू शकतं. ही चाचणी गाळण्याबद्दल बोलते, ओतण्याबद्दल नाही.

एवढी यंत्रं झाली की मग एक खिळा घेऊन कुणीतरी मागे कोरलेली अक्षरं वाचा. आपल्याकडे भांड्यावर नाव घालायची पद्धत किती उपकारक आहे! मानेच्या मागच्या कडेला ठिपक्याठिपक्यांत नाव, गाव आणि कधी शके असतो. शकेत ७८ मिळवले की इसवी सन, वर्षाच्या शेवटच्या महिन्यांसाठी ७९. संवत्सराचं नाव असेल तर पडताळा घ्या: शके १८०० ला बहुधान्य, शके १८५६ ला भाव. जुळलं नाही तर एक तर वाचन चुकलंय किंवा कोरणाऱ्याने नंतर कधीतरी मनाने घातलंय. कोल्हापूर भागात तीन अंकी आकडा दिसला तर राजशकाचाही विचार करा, तो १६७४ पासून मोजतात. पण कोरीव मजकूर हा देण्याघेण्याचा दिवस. मुखवटा त्याआधीचा असणार, किती आधीचा ते अक्षर सांगत नाही. फक्त वरचं कुलूप मिळालं, पॉम्पेईसारखं.

नाकातल्या भोकाचंही तसंच. प्राचीन भारतीय शिल्पांत नाकातला दागिना दिसत नाही, आणि भांडारकर संस्थेच्या प. कृ. गोडे यांनी नथीच्या प्राचीनतेवर खास लेख लिहिला आहे. म्हणून मुखवट्याला नथीचं भोक म्हणजे अमुक काळानंतरचा, असं म्हणायचा मोह होतो. आधी भोकाच्या कडा भिंगातून बघा. ओतीव भोकाच्या कडा गोलसर, मूळ पृष्ठाशी एकजीव; मागाहून ड्रिल केलेल्याच्या कडा धारदार, आत गोल चरे. एखाद्या सुनेने नवी नथ आणली म्हणून पाडलेलं भोक मुखवट्याचं वय सांगत नाही.

ओळखीच्या व्यक्तीचा अर्धपुतळा असेल तर काम बरंच सोपं. कोल्हापूरच्या बिंदू चौकात महात्मा फुले आणि डॉ. आंबेडकर यांचे अर्धपुतळे ९ डिसेंबर १९५० रोजी बसले, बाबासाहेब हयात असताना. त्यांची हुबेहूब छोटी पितळी प्रत कुणाकडे निघाली तर ती त्यानंतरची. नमुन्याची तारीख ही प्रतीची सगळ्यात अलीकडची नव्हे, सगळ्यात आधीची शक्यता. पोसायडनच्या बाबतीत तेच होतं.

हे सगळं कशासाठी, असं वाटेल. घरातल्या मुखवट्याला दोनशे वर्षं म्हटलं काय, ऐंशी म्हटलं काय. पण फरक पडतो. १९७२च्या पुरावशेष आणि कलानिधी कायद्यानुसार शंभर वर्षं पूर्ण झालेली मूर्ती पुरावशेष ठरते. धातूच्या शिल्पांची नोंदणी करावी लागते आणि खाजगी व्यक्तीला ती देशाबाहेर पाठवता येत नाही. जमिनीत सापडलेली वस्तू असेल तर १८७८चा निखात निधी कायदा लागू होतो, दहा रुपयांहून जास्त किमतीचं काही मिळालं तर जिल्हाधिकाऱ्यांना कळवायचं. तुम्ही कागदावर "अंदाजे १५० वर्षे" लिहून सही केलीत तर ते आता अंदाज राहत नाही, एका कुटुंबाच्या वस्तूचा कायदेशीर दर्जा ठरवणारं वाक्य होतं. आणि तोच कागद दाखवून एखादा व्यापारी नवी वस्तू जुनी म्हणून विकू शकतो. संशोधक विद्यार्थ्याच्या शब्दाला गावात वजन असतं, म्हणून जास्तच जपायचं.

मग लिहायचं कसं? संग्रहालयांच्या पाट्यांवर "गौरी, महाराष्ट्र किंवा कर्नाटक, १८वं-१९वं शतक" असं ढोबळ वाचून पूर्वी हसू यायचं. आता वाटतं, तो आळस नसेल, तेवढंच म्हणता येत असेल. तरी मी असल्या मुखवट्याची नोंद, वर घेतलेली उदाहरणं जोडून, साधारण अशी करेन:

"पितळी मुखवटा, बहुधा ज्येष्ठागौरीचा, ओळख तळाच्या उघड्या गळ्यावरून आणि घरातल्या वापराच्या तोंडी माहितीवरून. पोकळ, मेणाच्या पद्धतीने ओतीव. सांध्याची रेघ दिसली नाही. मागच्या कडेला 'शके १८५६ भाव', म्हणजे १९३४-३५. मुखवटा त्याच्या आधी बनलेला. धातूत शिसं, आर्सेनिक, चांदीचे अंश. त्यावरून खालची मर्यादा ठरत नाही. नथीचं भोक मागाहून पाडलेलं. डाव्या कानाला झाळ, काळ अनिश्चित. गाभ्याचा अंश केसांच्या वळीत शिल्लक, नमुना घेतलेला नाही, एक्स-रे काढलेला नाही. वय शंभर वर्षांहून जास्त असल्याचा पुरावा सध्या नाही. कमी असल्याचाही नाही."

शेवटची दोन वाक्यं मालकांना आवडत नाहीत. "म्हणजे काय समजायचं?" असं विचारतात. तेव्हा नोंदीतला गाभ्याबद्दलचा भाग दाखवायचा आणि सांगायचं की पुढची चाचणी तिथून होऊ शकते, तोवर केसांच्या वळ्या ब्रशने घासू नका, झाळ काढायला कुणाला देऊ नका, आणि यंदा गौरी बसवण्याआधी, चिंच लावायच्या आधी, चारही बाजूंनी आणि आतून मोजपट्टी ठेवून फोटो काढून ठेवा.